कंपनीची बस, पेट्रोलची बिलं आणि तुमची खतावणी: ऑफिसच्या प्रवासाची डबल एंट्री नोंद कशी करायची?

महिनाअखेरीला बँकेचा मेसेज येतो: खात्यात ₹७१,५०० जमा. बरेच जण हिशोबाच्या ॲपमध्ये हाच आकडा 'पगार' म्हणून टाकतात आणि पुढे जातात. पण सॅलरी स्लिप उघडून बघितली तर खाली 'ट्रान्सपोर्ट रिकव्हरी' अशी एक ओळ असते. काहींच्या स्लिपवर 'कन्व्हेयन्स अलाउन्स' असतो. काहींच्या स्लिपवर यातलं काहीच नसतं, कारण कंपनीची बस फुकट असते. तिन्ही प्रकारांत ऑफिसला जाण्यायेण्याचा खर्च कोणीतरी करत असतं. तो बँकेच्या मेसेजमध्ये मात्र दिसत नाही.

मग एक दिवस नोकरी बदलायची वेळ येते, किंवा कंपनी बस बंद करते, आणि तेव्हा लक्षात येतं की आपला प्रवास नेमका कितीला पडतो हे आपल्याला माहीतच नाही. या लेखात आपण हा खर्च आणि त्याबदल्यात कंपनीकडून मिळणारा फायदा, दोन्ही स्वतःच्या हिशोबात नीट कसे लिहायचे ते बघू. मी गेली काही वर्षं माझा घरचा हिशोब एचलेजर या फुकट, ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये ठेवतो, त्यामुळे उदाहरणं त्याच पद्धतीची आहेत. लेजर, बीनकाउंट किंवा ग्नूकॅश वापरत असाल तरी तर्क तोच राहतो.

आधी दोन मिनिटांत डबल एंट्री

कॉमर्सच्या मराठी पुस्तकांत हिला द्विनोंदी पद्धत म्हणतात. नावे आणि जमा, रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द घरी कोणाचं दुकान असेल तर कानावर पडलेले असतातच. १४९४ मध्ये लुका पॅचिओली या इटालियन गणितज्ञाने व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकात ही पद्धत सविस्तर मांडली. मूळ नियम अजून तोच आहे: प्रत्येक व्यवहार किमान दोन खात्यांत लिहायचा आणि सगळ्यांची बेरीज शून्य आली पाहिजे.

एचलेजरसारख्या प्रोग्रॅममध्ये नावे-जमा असे दोन रकाने नसतात. त्याऐवजी अधिक आणि उणे चिन्हं असतात. पैसा जिथे गेला ते खातं अधिक, जिथून आला ते उणे. म्हणून 'उत्पन्न' खात्यात आकडे उणे दिसतात. सुरुवातीला विचित्र वाटतं, आठवड्याभरात सवय होते.

आपल्याला तीनच मुख्य गट लागतील: मालमत्ता (बँक, पीएफ, कोणाकडून येणे असलेले पैसे), खर्च आणि उत्पन्न. खात्यांची नावं देवनागरीत चालतात. दोन गोष्टी सांभाळा. फाईलमध्ये तारखा आणि रकमा इंग्रजी अंकांत टाका (इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी मराठी अंक वापरलेत). आणि खात्याचं नाव व रक्कम यांच्यामध्ये किमान दोन स्पेस सोडा, कारण एक स्पेस हा नावाचाच भाग धरला जातो.

प्रकार १: पगारातून कापली जाणारी बस

सगळ्यात सोपा प्रकार आधी घेऊ. ग्रॉस पगार ₹७५,०००, पीएफ ₹१,८००, व्यवसाय कर ₹२०० आणि बसचे ₹१,५०० कापून हातात ₹७१,५०० आले, असं धरू.

२०२५-०६-३० जूनचा पगार
    मालमत्ता:बँक:पगार खाते    ₹७१,५००
    मालमत्ता:पीएफ    ₹१,८००
    खर्च:कर:व्यवसाय कर    ₹२००
    खर्च:प्रवास:ऑफिस:कंपनी बस    ₹१,५००
    उत्पन्न:पगार    -₹७५,०००

पहिल्या चार ओळींची बेरीज ७५,०००, पाचवी उणे ७५,०००. हिशोब जुळला.

यातून काय मिळालं? बसचे ₹१,५०० आता खर्चात दिसतात. फक्त ७१,५०० हा आकडा 'पगार' म्हणून टाकला असता, तर वर्षाचे ₹१८,००० प्रवासखर्च म्हणून कधीच डोळ्यांसमोर आले नसते. म्हणून पहिला नियम: पगाराची नोंद सॅलरी स्लिपवरून करा, बँकेच्या मेसेजवरून करू नका.

प्रकार २: प्रवास भत्ता

इथे कंपनी दरमहा ठराविक रक्कम देते, समजा ₹३,०००. तुम्ही बसने जा, मेट्रोने जा किंवा महिनाभर घरून काम करा, पैसे तेवढेच मिळतात. म्हणून हे सरळ उत्पन्न आहे. पगाराच्या नोंदीत त्याची वेगळी ओळ करायची:

    उत्पन्न:पगार:प्रवास भत्ता    -₹३,०००

पेट्रोल किंवा मेट्रोचा खर्च जेव्हा जेव्हा होईल तेव्हा तो 'खर्च:प्रवास:ऑफिस' मध्ये लिहायचा. दोन्हींची आपसात वजावट करायचा मोह होतो: खर्च ३,४००, भत्ता ३,०००, मग लिहू निव्वळ ४००. असं केलं की दोन्ही खरे आकडे गायब होतात. पुढच्या वर्षी पेट्रोल महागलं की भत्ता कमी झाला, हे सांगता येणार नाही.

कराचंही इथेच बोलून घेऊ. इंटरनेटवरचे जुने लेख 'दरमहा ₹१,६०० पर्यंतचा ट्रान्सपोर्ट अलाउन्स करमुक्त' असं सांगतात. २०१८ च्या अर्थसंकल्पात सर्वसाधारण कर्मचाऱ्यांसाठी ही सवलत काढून टाकली आणि तिच्या (आणि वैद्यकीय खर्चाच्या परताव्याच्या) जागी ₹४०,००० ची प्रमाणित वजावट आणली. ती पुढे ₹५०,००० झाली आणि नव्या करप्रणालीत २०२४-२५ पासून ₹७५,००० आहे. ही वजावट प्रत्येक पगारदाराला मिळते, प्रवास करो वा न करो. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीची ट्रान्सपोर्ट अलाउन्सची सवलत मात्र २०१८ च्या बदलानंतरही चालू राहिली. म्हणजे बहुतेकांसाठी आजचा प्रवास भत्ता हा करपात्र पगारच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

प्रकार ३: बिल दाखवा, पैसे घ्या

रात्री उशिरा शिफ्ट संपली, तुम्ही कॅब केली, ₹६४० यूपीआयने दिले आणि बिल पोर्टलवर चढवलं. पैसे पुढच्या पगारात येणार. मधल्या काळात हे ₹६४० कुठे आहेत? तुमच्या बँकेत नाहीत, पण बुडालेलेही नाहीत. ते कंपनीकडून येणे आहेत.

इथे एक फरक करावा लागतो. तुम्ही क्लायंटकडे गेला असाल तर तो खर्च कंपनीचा, तुमच्या खिशातून फक्त फिरून गेला. मग दोनच ओळी पुरतात: 'मालमत्ता:येणे:कंपनी' अधिक ६४०, बँक उणे ६४०. तुमच्या उत्पन्नात-खर्चात काही लिहायची गरज नाही.

पण घर ते ऑफिस हा प्रवास तुमचा आहे आणि कंपनी तो सोसते आहे. त्यासाठी मी चार ओळी लिहितो:

२०२५-०६-१२ रात्रीची कॅब
    खर्च:प्रवास:ऑफिस:कॅब    ₹६४०
    मालमत्ता:बँक:पगार खाते    -₹६४०
    मालमत्ता:येणे:कंपनी    ₹६४०
    उत्पन्न:सुविधा:प्रवास    -₹६४०

वरची जोडी सांगते की प्रवासाला ६४० लागले. खालची जोडी सांगते की ते कंपनी देणार आहे. आता समजा कंपनीच्या धोरणात कॅबची मर्यादा ₹५०० निघाली:

२०२५-०७-३१ क्लेम मंजूर
    मालमत्ता:बँक:पगार खाते    ₹५००
    उत्पन्न:सुविधा:प्रवास    ₹१४०
    मालमत्ता:येणे:कंपनी    -₹६४०  = ₹०

प्रवासाचा खर्च ६४० च राहिला, पण सुविधेचं उत्पन्न ६४० वरून ५०० वर आलं. उरलेले १४० तुमच्या खिशातून गेले, आणि ते अहवालात आपोआप दिसतं.

शेवटच्या ओळीतल्या '= ₹०' कडे लक्ष द्या. याला बॅलन्स असर्शन म्हणतात. 'या नोंदीनंतर या खात्यात शून्य शिल्लक असलीच पाहिजे' असं आपण प्रोग्रॅमला बजावतो. एखादा जुना क्लेम अडकून पडला असेल तर एचलेजर तिथेच एरर देतं. छोटे छोटे क्लेम विसरले जातात, आणि आर्थिक वर्ष संपताना अनेक कंपन्या क्लेमची खिडकी बंद करतात. तुमचं 'येणे' खातं मार्चच्या पहिल्या आठवड्यात उघडून बघितलंत तर एवढ्या एका सवयीने ही सगळी मेहनत वसूल होऊ शकते.

प्रकार ४: फुकटची बस

हा सगळ्यात गंमतीदार प्रकार. कंपनीची बस चौकातून घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते, एक रुपयाही कापत नाही. पैसे हललेच नाहीत, मग नोंद कसली करायची?

कडक हिशोबनीस म्हणेल, करू नका. तुमच्या संपत्तीत काही फरक पडलेला नाही, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण तुम्हाला 'माझा प्रवास कितीचा आहे?' याचं उत्तर हवं असेल, तर एक अंदाजे नोंद ठेवता येते:

२०२५-०६-३० कंपनी बस, २२ दिवस
    खर्च:प्रवास:ऑफिस:अंदाजे    ₹४,४००
    उत्पन्न:सुविधा:अंदाजे    -₹४,४००

एका बाजूला काल्पनिक उत्पन्न, दुसऱ्या बाजूला तेवढाच काल्पनिक खर्च. बँक आणि एकूण संपत्ती दोन्ही जशीच्या तशी.

₹४,४०० हा आकडा कुठून आणायचा? कंपनी बसवाल्याला माणशी किती देते ते आपल्याला माहीत नसतं, आणि ते इथे उपयोगाचंही नाही. स्वतःला विचारा: उद्या ही बस बंद झाली तर मी *प्रत्यक्षात* काय करेन? ओला-उबरचं भाडं लावून फायदा फुगवू नका, तुम्ही रोज कॅबने जाणार नसाल तर तो आकडा खोटा आहे. बाईकने जाणार असाल तर पेट्रोल, पार्किंग आणि सर्व्हिसिंगचा हिस्सा धरा. बस आणि शेअर रिक्षाने जाणार असाल तर ते भाडं धरा. मी वर दिवसाला येऊनजाऊन ₹२०० धरलेत, आणि २२ दिवसांचे ४,४०० होतात. हजेरी बारा दिवसच असेल तर २,४००. ज्या दिवशी बसमध्ये बसलात तेवढेच दिवस मोजा.

आता यातला धोका. अंदाजे आकडे खऱ्या आकड्यांत मिसळले की अहवाल बिघडतात. समजा हातात ₹७३,००० येतात आणि तुम्ही ₹२०,००० वाचवता, म्हणजे बचतीचं प्रमाण २७.४ टक्के. उत्पन्नात ४,४०० काल्पनिक रुपये मिळवले की तेच प्रमाण २५.८ टक्के दिसतं, बचत एक रुपयानेही न बदलता. म्हणून दोन्ही ओळींच्या खात्यात 'अंदाजे' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. बचतीचा अहवाल काढताना 'अंदाजे' नाव असलेली खाती वगळायची, की जोडी पूर्ण बाहेर पडते. प्रवासखर्चाचा अहवाल काढताना ती आत ठेवायची.

कराच्या बाबतीत ही नोंद कुठेच जात नाही. घर ते ऑफिस आणि परत यासाठी कंपनीने दिलेल्या वाहनाचा वापर आयकर कायद्यात करपात्र सुविधा धरला जात नाही. त्यामुळे हे 'उत्पन्न' रिटर्नमध्ये दाखवायचं नसतं. घरची खतावणी आणि आयकर रिटर्न या दोन वेगळ्या वह्या आहेत. रिटर्नसाठी फॉर्म १६ बघा.

प्रकार ५: पास आणि कार्ड

मुंबईत लोकलचा तीन महिन्यांचा पास काढणारे अनेक जण आहेत. पासाचे पैसे एकदम जातात, प्रवास मात्र तीन महिने चालतो. समजा पास ₹९०० चा आहे. काढताना तो 'मालमत्ता:आगाऊ:रेल्वे पास' मध्ये टाकायचा आणि दर महिन्याला ३०० रुपये तिथून 'खर्च:प्रवास:ऑफिस' मध्ये हलवायचे. मध्येच नोकरी बदलली तर पासात किती अडकलेत ते लगेच दिसतं. पासाचे पैसे कंपनी देत असेल तर प्रकार ३ मधली 'येणे' आणि 'सुविधा' यांची जोडी सोबत लावायची.

अमेरिकेत, विशेषतः न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला रोज ट्रेनने जाणाऱ्या आपल्या लोकांना 'कम्युटर बेनिफिट' ओळखीचं असेल. तिथे कर लागण्याआधीच पगारातून ठराविक रक्कम वळती करता येते आणि ती साधारणपणे एका कार्डावर जमा होते. २०२५ साठी सार्वजनिक वाहतुकीची मर्यादा महिन्याला ३२५ डॉलर होती, पार्किंगसाठी वेगळे तेवढेच. हे पैसे कार्डावर आले तेव्हा ते खर्च झालेले नसतात. म्हणून पगाराच्या नोंदीत ते 'मालमत्ता:कम्युटर कार्ड' मध्ये जातात आणि तिकीट काढल्यावरच खर्चात येतात. या मालमत्तेला एक मेख आहे: ती रोख करून घेता येत नाही आणि नोकरी सोडताना उरलेली रक्कम साधारणपणे बुडते. राजीनामा द्यायच्या आधी या खात्याची शिल्लक बघणं म्हणूनच महत्त्वाचं. कंपनी वरून काही भर घालत असेल तर ती रक्कम 'उत्पन्न:सुविधा' मधून कार्डात आली असं लिहायचं. वाचलेल्या कराची वेगळी नोंद लागत नाही, कराच्या ओळीतला आकडाच कमी झालेला असतो.

कुठला प्रकार, हे कसं ओळखायचं?

सॅलरी स्लिप समोर ठेवून तीन प्रश्न विचारा.

१. पैसे प्रत्यक्ष हललेत का? नसतील तर 'अंदाजे' जोडी.
२. प्रवास केला नाही तरी पैसे मिळतात का? हो असेल तर ते साधं उत्पन्न. नसेल तर 'येणे'.
३. ही रक्कम दुसरीकडे खर्च करता येते का? नसेल तर ती वेगळ्या मालमत्ता खात्यात, बँकेत मिसळू नका.

एवढं करून मिळतं काय?

मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे एकदा मेल आला: फुकटची बस बंद, त्याऐवजी प्रत्येकाला दरमहा ₹२,५०० प्रवास भत्ता. मेलचा सूर असा की सगळ्यांचाच पगार वाढतोय. चहाच्या टेबलावर निम्मे लोक खूश होते, निम्मे चिडलेले, आणि आकडे कोणाकडेच नव्हते.

माझ्या खतावणीत दिवसाचे ₹२०० आणि महिन्यांचे दिवस लिहिलेले होते. गणित पाच मिनिटांचं होतं. महिन्यात बारा दिवस येणाऱ्या माझ्यासारख्याला प्रवास २,४०० चा पडत होता, म्हणजे भत्त्यातून १०० उरत होते. पण सपोर्ट टीम रोज यायची. त्यांच्यासाठी २२ दिवसांचे ४,४०० होत होते, म्हणजे दरमहा ₹१,९०० ची घट. वर कराचा मुद्दा आलाच: बस करपात्र नव्हती, भत्ता करपात्र होता. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात ४ टक्के उपकर धरून २,५०० मधले १,९८० च पडतात. त्याच्यासाठी बारा दिवसांतही तोटाच होता.

एका ओळीचा मेल, पण कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा हे हजेरीवर आणि कराच्या टप्प्यावर ठरत होतं. सपोर्टमधल्या मित्राने हेच आकडे स्वतःच्या प्रवासाचे भरून मॅनेजरसमोर ठेवले. रोज येणाऱ्यांसाठी वेगळी, जास्त रक्कम मिळाली. बस काही परत आली नाही.

नोकरीच्या दोन ऑफरची तुलनाही अशीच होते. एकीकडे हातात ₹७३,००० आणि फुकट बस, दुसरीकडे ₹७७,००० आणि प्रवास आपला आपण. फरक ४,००० चा, दिवसाचा खर्च २००, म्हणजे सीमा २० दिवसांची. महिन्यात २० पेक्षा जास्त दिवस जावं लागणार असेल तर निव्वळ पैशांत पहिली ऑफर भारी, कमी असेल तर दुसरी. वेळ, ट्रॅफिक, काम कसं आहे हे सगळं त्यावर. पण निदान 'चार हजार जास्त' या आकड्यापुरते आपण फसत नाही. इंटरव्ह्यूमध्ये 'महिन्यात किती दिवस ऑफिसला यावं लागेल?' हा प्रश्नही मग आपोआप विचारला जातो.

सुरुवात कुठून करायची

मागच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी खणत बसू नका. या महिन्याची सॅलरी स्लिप घ्या आणि प्रकार १ सारखी एक पूर्ण नोंद लिहा. 'मालमत्ता:येणे:कंपनी' हे खातं उघडा आणि अडकलेले क्लेम त्यात टाका. फुकटची बस असेल तर कॅलेंडरवर फक्त दिवसांच्या खुणा करा, महिनाअखेरीला एक अंदाजे जोडी पुरते. तीन महिन्यांनी 'खर्च:प्रवास:ऑफिस' चा अहवाल काढा आणि त्याला हजेरीच्या दिवसांनी भागा. जो आकडा येईल तो एका दिवसाच्या ऑफिसची किंमत. पुढच्या अप्रेझलला जाताना तो पाठ असू द्या.